बाटलीवरचा प्रदेश आणि पेल्यातली चव

प्रश्न : स्कॉचच्या बाटल्यांवरील ‘आयला’, ‘स्पेसाइड’ या नावांवरून चव ओळखता येते का? आणि आपल्या गोव्यातील कुंकळ्ळीची सिंगल माल्ट (एकाच भट्टीत केवळ मोड आलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) इतक्या लवकर कशी मुरते?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमावलीत हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन हे पाच प्रदेश मान्य आहेत, पण ती नावे ठिकाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत. आयला बेटावर मोड आलेले बार्ली वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून काढलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, धूर देण्याची रीत आहे आणि तोच धूर पुढे पेल्यात उतरतो. तरीही त्याच बेटावरील बुनाहाबेनची नेहमीची व्हिस्की जवळजवळ बिनधुराची असते.

कुंकळ्ळीचे गुपित उकाड्यात आहे. स्कॉटलंडमध्ये मुरवण्याच्या लाकडी पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, तर गोव्यात हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जाते. उष्णतेमुळे लाकडाचा रंग आणि गंधही व्हिस्कीत लवकर उतरतो. म्हणून तेथील बारा वर्षांशी येथील वयाची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. हुर्राक आणि फेणी ही गोव्याची मद्ये वासावरून ओळखणाऱ्यांनी येथेही आधी नाकच वापरावे आणि मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगावे.