नवीन .२२ पिस्तूल हातात आल्यावर पहिले काही दिवस कसे जातात?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं) मारल्यावर आता स्वतःचं .२२ स्पोर्ट पिस्तूल (खऱ्या काडतुसाचं) येतंय, तर ते पहिल्यांदा हातात आल्यावर कसं वाटतं आणि कशाची तयारी ठेवावी. माझं येऊन आठ महिने झाले. पहिला दिवस अजून लख्ख आठवतो, आणि त्या आठवड्यात मी त्याच्याबद्दल जी जी मतं ठोकून दिली होती त्यातली बहुतेक चुकीची होती, हेही आता कळून चुकलंय. म्हणून लिहितेय.

माझं पिस्तूल इटलीच्या पार्दिनी कंपनीचं, एसपी मॉडेल आहे. त्याआधी दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर काढली. त्याची ग्रिप, म्हणजे मूठ, तीन-चार जणींच्या घामाने काळी पडली होती. स्वतःचं येईपर्यंतच्या कागदपत्रांबद्दल लिहीत बसत नाही, तुम्ही त्यातून जातच असाल. पात्रता स्कोअर, असोसिएशनचं पत्र, पोलिसांची चौकशी, परवाना, आयातीची परवानगी, आणि पिस्तूल आल्यावर त्याचा नंबर परवान्यावर चढवायला पुन्हा आयुक्तालयात फेरी. एअर पिस्तूल दुकानातून उचलून रिक्षात बसायची आपल्याला सवय असते, ती विसरा. नावात ‘स्पोर्ट’ असलं तरी .२२ हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याबद्दल फोन येतो आणि मग खेळाडू असल्याचे कागद घेऊन जाऊन समजावावं लागतं. एवढं एक लक्षात ठेवा.

पेटी घरी आली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. आमच्याकडे त्या दिवशी विळी, बाबांची पान्यांची पेटी आणि आईचं शिवणयंत्र पूजेला असतं. आई सकाळी हळदकुंकू घेऊन हजर. मी म्हटलं, "आई, पेटीला लाव. आतल्या पार्टमध्ये कुंकू गेलं तर निघणार नाही." "देवाचं कुंकू आहे, त्याने काय बिघडतंय?" शेवटी झाकणावर कुंकवाचं बोट आणि एक झेंडू, यावर तोडगा निघाला. ते बोट अजून तसंच आहे. मागच्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य नियमात बसतं का तपासतात त्या टेबलावरच्या माणसाने तेवढ्या जागी अंगठा घासून पाहिला, गंज आहे का म्हणून.

आता पिस्तुलाचं. पेटी उघडल्यावर पहिल्यांदा जाणवला तो तोल. वजनाचा तसा प्रश्न नव्हता. नियमानेच एअरला १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे आणि .२२ ला १४०० पर्यंत. पण या पिस्तुलाचं मॅगझीन ट्रिगरच्या पुढे बसतं, त्यामुळे वजन पुढे सरकलेलं वाटतं. हात सरळ धरला की नळी आपोआप जरा खाली बघते. मला ते पहिल्याच मिनिटाला आवडलं, आणि पहिल्या दिवशीच्या मतांपैकी हे एकच टिकलं.

ट्रिगरबद्दल मी साफ चुकले. एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा भार लागावा असा नियम आहे, .२२ चा १००० ग्रॅमचा, म्हणजे थेट दुप्पट. क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर झिजून लोण्यासारखा झाला होता. त्यावरून मी या नव्यावर आले आणि दुसऱ्या टप्प्यावर बोट असं अडकलं की वाटलं, बनवतानाच काहीतरी राहिलंय. माझ्या कोच सरांकडे तक्रार केली. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एक किलोचं वजन आणलं, नळी छताकडे केली, ट्रिगरला वजन अडकवलं आणि टेबलावरून अलगद उचललं. ट्रिगरने वजन धरलं. सुटला नाही. मग त्यांनी क्लबचं पिस्तूल घेतलं, त्याच्यावर तेच केलं, आणि वजन अर्धवट उचलेपर्यंतच टक् आवाज आला. म्हणजे दोन वर्षं मी नियमात न बसणाऱ्या ट्रिगरवर सराव करत होते आणि नव्याला नावं ठेवत होते.

पहिल्या दिवशी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर पन्नास राउंड, म्हणजे काडतुसं, मारले. आवाजाची भीती वाटत नव्हती, कानावर मफ असतो आणि दोन वर्षांची सवय होती. झटक्याचंही तसंच. एअरचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या पुढे. झटका येतो, पण हात दुखावा असा नाही. फक्त तो दोन टप्प्यांत येतो. आतला मागेपुढे सरकणारा बोल्ट मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो तेव्हा एक, आणि परत येताना नवीन काडतूस आत ढकलतो तेव्हा दुसरा, बारीक. हे सगळं इतक्या पटकन होतं की डोक्याला कळत नाही, पण मनगटाला कळतं. मला वाटलं होतं की मी याला सरावले आहे. सर गप्प बसून बघत होते. चौथ्या सिरीजला (एक सिरीज पाच गोळ्यांची) म्हणाले, "मॅगझीन आण, मी भरतो." त्यांनी मला न दाखवता पाचांत दोन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसं मिसळली.

पहिली गोळी बरोबर गेली. दुसऱ्या वेळी ट्रिगर सुटला, नुसती टिक् झाली, आणि नळीच्या टोकावरची फ्रंट साइट माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं खाली डुबकी मारून वर आली. गोळी सुटलीच नव्हती, तरी मनगटाने झटक्याला आधीच दाबून ठेवलं होतं. खरी गोळी उडते तेव्हा हे दिसत नाही, कारण झटक्यातच सगळं लपून जातं. मी मागे वळले तर शेजारच्या लेनमधल्या दोन मुली हसत होत्या. तुमच्या बाबतीतही हे होणार, कारण एअर पिस्तूल मनगटाला असं काही शिकवतच नाही. महिनाभर तरी कोणाकडून तरी डमी मिसळून घ्या. स्वतः भरलीत तर उपयोग नाही, बोटाला आठवतं कितवी कुठे आहे ते.

पुढचे दोन आठवडे ज्याने डोकं खाल्लं ते सांगते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एका सिरीजच्या पाच गोळ्या अगदी जवळजवळ पडायच्या, पण टार्गेटच्या मधल्या दहाच्या गोलाच्या डावीकडे. मी नेम जुळवायचा, मागच्या (रिअर) साइटचा स्क्रू चार क्लिक फिरवायचे. पुढची सिरीज पुन्हा घट्ट, पण आता खाली. पुन्हा स्क्रू. त्याच्या पुढची उजवीकडे. मी वहीत क्लिक मोजून लिहीत होते, रेघा मारत होते, आणि दर दिवशी पिस्तुलात एक नवीन दोष सापडत होता. साइट ढिली आहे, नळी बसायला वेळ लागेल, राउंडचा लॉट बरोबर नाही.

हे पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक आहे, पुढचं काडतूस आपोआप भरणारं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे भराभर गोळ्या, असं बाहेरच्यांना वाटतं. आपल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तसं काही नसतं. त्याचे दोन भाग असतात, प्रिसिजन आणि रॅपिड. प्रिसिजनला पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. रॅपिडला तीन सेकंद हिरवा दिवा, सात सेकंद लाल, आणि प्रत्येक गोळीनंतर हात ४५ अंशांवर खाली. वेगाची गरजच नाही. खरा फरक वेगळाच आहे. एअरला दर गोळीला लिव्हर ओढायची, छर्रा भरायचा, म्हणजे हात दर वेळी सुटतो आणि नव्याने बसतो. एका वेळी चुकीचा बसला तर एकच गोळी चुकते. इथे पुढचं काडतूस पिस्तूल स्वतःच भरतं, त्यामुळे सिरीजच्या सुरुवातीला जी ग्रिप घेतली तीच पाचही गोळ्यांना राहते. ती तीळभर फिरलेली असेल तर पाचही गोळ्या एकत्र नांदत चुकीच्या गावाला जातात. साइट जागच्या जागी होती, नळीही ठीक होती. पंधरा दिवस मी माझ्याच हाताच्या मागे स्क्रू घेऊन धावत होते.

ग्रिप माझ्या हाताला मोठी होती. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मागच्या बाजूला नीट टेकत नव्हता, तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहायची, आणि दर वेळी हात त्या फटीत वेगळ्या ठिकाणी बसायचा. बाबांनी त्यावर जे केलं ते बघून मला घाम फुटला. एवढ्या खटपटीने आलेली अक्रोडाच्या लाकडाची इटालियन ग्रिप त्यांनी काढली, जिथे फट होती तिथे एम-सील मळून लावलं, माझ्या हातावर पावडर टाकून म्हणाले, "धर." ते घट्ट होईपर्यंत मी धरून बसले. टीव्ही समोर लावून दिला होता. दुसऱ्या दिवशी बोटांखालचा जादा भाग कानशीने घासला, वर बारीक पॉलिश पेपर. राखाडी एम-सील आणि तपकिरी लाकूड, दिसायला अगदी घरच्या गळक्या नळाची दुरुस्ती केल्यासारखं. पण त्यानंतर डोळे मिटून पिस्तूल उचललं आणि उघडले तर साइट सरळ. पहिल्यांदाच. स्क्रू मी त्यानंतर एकदाच फिरवला, तोही हवा बदलली म्हणून.

घासताना एक सांभाळा. पाम रेस्टचा (तळव्याच्या कडेखालच्या आधाराचा) कोन काटकोनापेक्षा कमी होऊ देऊ नका, तो वर वळून हाताला कवटाळायला लागला की नियमाबाहेर जातं. आणि सगळं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या पेटीत बसावं लागतं. लांबी-उंचीचा प्रश्न सहसा येत नाही, पण जाडीला ५० मिमी म्हणजे फार नाहीत. बाबांनी कॅलिपर हातात ठेवूनच काम केलं.

पिस्तूल अडकण्याबद्दलही थोडं सांगते, कारण पहिल्या आठवड्यात ते होतंच आणि माणूस घाबरतो. तिसऱ्या दिवशी माझी रिकामी पुंगळी बाहेर न पडता दारातच उभी राहिली. दोनदा. चूक माझी होती. पॅकिंगचं जाडसर तेल मी वरवर पुसलं होतं आणि बोल्टच्या वाटेत ते तसंच राहिलं होतं, त्याला .२२ ची जळकी पावडर आणि गोळीवरचं मेण चिकटून चांगली काळी खळ झाली. पूर्ण सोडवून कोरडं केलं, मग थेंबभर तेल, तेव्हापासून शांत आहे. राउंडचंही असतं, एकेका पिस्तुलाला एकेक जातीचा राउंड मानवतो. पन्नासची एकेक पेटी तीन प्रकारांची आणून बघा, एकदम मोठा साठा करू नका. अडकलं तरी नळी टार्गेटकडेच ठेवायची, दुसरा हात वर करायचा, बस्स. नव्या वस्तूच्या काळजीने माणूस आधी पिस्तूल तोंडासमोर आणून बघायला जातो. मीही जाणार होते. सरांचा आवाज तेवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

घरी ड्राय प्रॅक्टिस (गोळी न भरता सराव) करताना एअरसारखं बिनधास्त टकटक करू नका. .२२ रिमफायर आहे, फायरिंग पिन काडतुसाच्या मधे नाही, कडेवर आपटते. आत काही नसेल तर काही पिस्तुलांत ती चेंबरच्या काठालाच लागू शकते. तुमच्या पिस्तुलाच्या माहितीपत्रकात ड्रायची सोय काय दिली आहे ते आधी वाचा. आणि रेंजवरून आल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, गोळी शिशाची असते.

रॅपिडचं मी अजून शिकतेच आहे, त्यामुळे फार शहाणपणा करत नाही. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण टार्गेट मोठं असतं: दहाचा गोल प्रिसिजनला ५० मिमी, रॅपिडला १०० मिमी. नव्या पिस्तुलावर माझा रॅपिड आधी सुधारला आणि प्रिसिजन मागे राहिला, सगळे म्हणतात त्याच्या अगदी उलट. पुढे जड असलेली नळी हात वर जाताना जागेवर थांबते, त्यामुळे असेल. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतची फायनल आठवते का? ३४-३४ अशी बरोबरी, मग शूट-ऑफ (बरोबरी फोडायची जादा फेरी), तोही बरोबरीत, मग दुसरा शूट-ऑफ आणि सुवर्ण. फायनलला गोळी १०.२ गुणांच्या खाली गेली की शून्य. तेव्हा मी फक्त एअर मारायचे, त्यामुळे स्कोअर बघत होते. आता तोच व्हिडिओ लावते तेव्हा बघते की हात खाली आल्यावर तिची ग्रिप हलते का. हलत नाही.

तुमच्या हाताचं माप दिलंत तर ग्रिपचा साइझ कोणता मागवावा हे सांगू शकेन. दोन साइझच्या मधे असाल तर लहान घ्या, भर घालता येते. माझ्या एम-सीलवर बाबा वॉर्निश मारतो म्हणून रोज मागे लागतात. मी थांबवलंय, अंगठ्याखाली अजून जरासं घासायचंय.