'इंडेंचर'चे दात

प्रश्न असा: सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत तंबाखूच्या मळ्यांवर ठरावीक वर्षं कराराने राबणाऱ्या इंग्रज 'इंडेंचर्ड सर्व्हंट'ला मराठीत वेठबिगार म्हणावं का? आणि मुदत संपवून सुटलेल्या 'फ्रीमन'ला काय म्हणायचं?

वेठबिगार अजिबात म्हणू नये. हल्ली कुणी कुणाला फुकट राबवलं की ठोकला वेठबिगार! वेठ म्हणजे संस्कृतातली 'विष्टि'. अंमलदाराने हाक मारली की जायचं, ओझं वाहायचं, परत आपल्या घरी यायचं. तिला कागद लागत नाही, त्या गावात जन्मलात एवढं पुरतं. व्हर्जिनियातला नोकर मात्र कागदाने बांधलेला असे, आणि खरी गंमत त्या कागदात आहे.

'इंडेंचर'मध्ये दात लपलाय. लॅटिन 'डेन्स', आपला 'दंत' आणि चौकातला 'डेंटिस्ट' हे सगळे एका कुळीचे. मध्ययुगीन इंग्लंडात करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत. दोन मजकुरांच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एखादा शब्द काढत आणि नेमकं त्या अक्षरांवरूनच वेडंवाकडं, दातेरी कापत. एक तुकडा याच्याकडे, एक त्याच्याकडे. तंटा झाला की तुकडे शेजारी ठेवायचे. दातात दात बसले, चिरलेली अक्षरं जुळली, तर कागद खरा. सरकारी भांडारात आजही 'इंडेंट पाठवला का?' विचारतात, तो मागणीचा कागद याच घराण्यातला. भांडारपालाला हे सांगून बघा, निदान चहा तरी मिळेल.

माझं म्हणणं, या दातांवाचून त्या नोकराची स्थिती कळतच नाही. अर्धा कागद त्याच्याकडेही असे, म्हणून तो मालकाविरुद्ध न्यायालयात उभा राहू शके. मालकाकडचा अर्धा मात्र विकता येई, म्हणजे नोकराची उरलेली वर्षं दुसऱ्याच्या नावावर जात. कागदाशिवाय आलेल्याला 'देशाच्या रिवाजा'प्रमाणे राबावं लागे, बहुधा जास्तच वर्षं.

कोशवाले 'करारबद्ध कामगार' लिहून मोकळे होतात. करारबद्ध तर आयटीतला पोरगाही असतो, पण त्याची उरलेली वर्षं कंपनी तंबाखूच्या मोबदल्यात शेजारच्याला विकत नाही! त्यापेक्षा ऊसतोडीची 'उचल' आठवा. जहाजाचं भाडं ही उचल, ती फेडायची साधारण 4 ते 7 वर्षं अंग मोडून. वर 1618 पासूनची मेख अशी की, जो माणसाचं भाडं भरेल त्याला दर डोई 50 एकर जमीन. 'सुटताना नोकराला 50 एकर मिळत' असं ठासून सांगणाऱ्या विद्वानांनी हे जरा वाचावं. जमीन आणणाऱ्याला मिळे, आलेल्याला नव्हे. 1705च्या कायद्यातही सुटणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला 10 बुशेल मका, 30 शिलिंग आणि एक बंदूक, एवढंच आहे.

त्याच्या आधीच नदीकाठच्या, तंबाखूची पिंपं थेट जहाजावर चढवता येणाऱ्या जमिनी बड्या मळेवाल्यांनी धरलेल्या. तंबाखूचा भाव पडलेला, आणि 1670मध्ये बिनजमिनीच्या सुटलेल्यांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला. 1676मध्ये गव्हर्नर बर्कलीच कुरकुरतो की, सातांतले सहा जण गरीब, कर्जबाजारी, नाराज आणि वर हत्यारबंद. अशांना घेऊन नॅथॅनिएल बेकनने गव्हर्नरविरुद्ध बंड केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वसाहतीची राजधानी जेम्सटाउन जाळलं. बेकन स्वतः धनिक मळेवाला, आणि त्याचा पहिला राग मूळ रहिवाशांवर. तरी त्याच्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले.

पण एवढ्यावरून कुणी त्या नोकरांना 'गोरे गुलाम' म्हणू लागला की माझं डोकं फिरतं. 1640मध्ये तीन नोकर एकत्र पळाले आणि एकत्रच पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, तिसरा जॉन पंच हा काळा. पहिल्या दोघांना चाबकाचे फटके आणि 4 वर्षं वाढीव. पंचला फटके, आणि वर जन्मभराची चाकरी. गुन्हा एकच. पण पंचच्या शिक्षेला मुदत नव्हती, आणि जिथे मुदत नाही तिथे इंडेंचर नाही.

मग शब्द कोणता? 'गिरमिटी नोकर' घ्या की! 'ॲग्रीमेंट'चं गिरमिट हे मजुरांनीच केलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेली मराठी माणसंही तसल्याच कागदावर गेली. काळ वेगळा, पण कागदाची जात तीच. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, तेव्हा सुतार हसतील. हसू देत. फ्रीमनचं राहिलंच, त्याला सध्या 'मुदत सरलेला' म्हणून चालवा.