1234567890 चे अवयव पाडताना

पहिल्याच दिवशी 1234567890 हातात घेतलीस, बरं केलंस. पण लगेच 7, 11, 13 ने भागत सुटू नकोस. शेवटचं शून्य म्हणजे 2 आणि 5 आयतेच मिळाले. उरलेल्या 123456789 च्या अंकांची बेरीज 45, म्हणजे 9 ने भाग जाणारच. भागून 13717421 उरतात. यांची अंकबेरीज 26, तेव्हा 3 चा विषय संपला.

खरी गंमत इथून पुढे. एकेक मूळ संख्या घेऊन भागायला बसलास तर पाचशेहून जास्त भागाकार होतील. मी एकदा तसाच बसलो होतो. वहीची चार पानं भरली, आणि मधेच हातचा चुकला!

त्यापेक्षा फर्मा या गणितज्ञाची युक्ती वापर: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. वर्गमूळ 3703 च्या जरा पुढे येतं, म्हणून 3704 पासून सुरुवात कर. 3704 चा वर्ग 13719616. त्यातून आपली संख्या वजा केली की 2195, हा पूर्ण वर्ग नाही. आता 3705 घे. वर्ग 13727025, वजाबाकी 9604, आणि हा तर 98 चा वर्ग! शाळेतलं अ वर्ग वजा ब वर्ग आठव: 3705 − 98 = 3607, 3705 + 98 = 3803. दोन्ही मूळ आहेत. 61 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून खात्री करून घे.

दोन अवयव एकमेकांच्या जवळ होते म्हणून इतक्या लवकर सुटलं, नेहमी असं नशीब नसतं. एकूण विभाजक 48 येतात. ते कसे, हे घातांकांवरून तूच काढ.