रिपोर्टमधला 'आर' आणि जंतूचा जहालपणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांना प्रोस्टेटमुळे लघवीची नळी लागून १८ दिवस झाले. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) क्लेब्सिएला न्यूमोनिई नावाचा जंतू निघाला आणि मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकसकट बहुतेक औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही) आला. ताप नाही, जेवण नीट आहे, म्हणून डॉक्टर सध्या अँटिबायोटिक नको म्हणतात. आणि गावातले लोक विचारतात, एवढा जहाल जंतू अंगात असताना माणूस घरी आणलाच कसा?

विदर्भातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी २४ वर्षं कल्चरच्या प्लेटा वाचल्या. औषधाला न जुमानणं वेगळं आणि माणसाला जास्त आजारी पाडणं वेगळं. 'आर' फक्त पहिली गोष्ट सांगतो. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

दोन्हींची जनुकंही वेगळी असतात. एनडीएम हे जनुक असलेला जंतू मेरोपेनेम मोडून टाकणारं एन्झाइम बनवतो. पण त्या एन्झाइमने बाबांच्या मूत्राशयाला काही इजा होत नाही. इजा करायला जंतूला दुसरा सरंजाम लागतो. मूत्राशयाला आणि नळीच्या प्लास्टिकला चिकटून बसायला केसांसारखे तंतू, पांढऱ्या पेशींच्या तावडीतून सुटायला जाड आवरण, आणि आपल्या शरीरातलं लोह पळवायला एरोबॅक्टिनसारखं रसायन. लोहाशिवाय जंतू वाढत नाही, म्हणून जहाल क्लेब्सिएलात एरोबॅक्टिनला फार महत्त्व.

असा जहाल जंतू मी पहिल्यांदा पाहिला तो शुगरच्या एका पेशंटच्या यकृतातल्या गळवाच्या पुवात. मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायच्या एका प्रकारच्या थाळीवर) जंतूंची गुलाबी, ओलसर, फुगीर वसाहत होती. तिला लूप (टोकाला कडी असलेली तपासणीची काडी) टेकवून हळूच वर उचलला, तर गुळाच्या पाकासारखी तार निघाली आणि तुटेचना. ५ मिलिमीटरपेक्षा लांब तार आली की स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. गंमत अशी की त्या जंतूवर बहुतेक साधी औषधं चालत होती! माणूस मात्र अत्यवस्थ होता. (नुसत्या तारेवर निकाल देऊ नये. तार न येणारेही जहाल निघतात. खात्री जनुकांच्या पीसीआरनेच होते.)

आता खरी काळजी कशाची, तेही सांगतो. ही जनुकं बऱ्याचदा प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. औषधाला न जुमानण्याचं आणि जहालपणाचं, दोन्ही सामान एकाच जंतूकडे आलं की कठीण. चीनमधल्या हांगझोऊच्या एका आयसीयूत २०१६ साली असाच क्लेब्सिएला पसरला आणि त्याची लागण झालेले पाचही रुग्ण दगावले. भारतातल्या रुग्णांतही असे जंतू सापडले आहेत. म्हणून 'काही होत नाही' असं मी म्हणणार नाही.

पण नेहमीच्या कल्चर रिपोर्टमध्ये जहालपणाची जनुकं तपासलेली नसतात. तिथे माणसाकडे बघूनच ठरवावं लागतं. नळी असली की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. त्रास नसताना औषध दिलं तर हा जात नाही, उलट पुढचा आणखी चिवट येतो.

एक विचारून घ्या, सँपल कुठून घेतलं होतं? पिशवीतलं असेल तर त्या रिपोर्टला अर्थ नाही. आणि एप्रिलच्या उन्हात बाटली एसटीतून चार तासांनी लॅबला पोचली असेल, तर मूठभर जंतूंचे वाटेतच लाखो होतात. लघवी दोन तासांत तपासणीला लावावी लागते, नाहीतर बर्फात न्यावी लागते. आमच्याकडे तालुक्यावरून येणाऱ्या कितीतरी बाटल्या हाताला गरम लागायच्या. त्या परत पाठवताना जीव तुटायचा, पण पाठवायचोच.

बाबांना थंडी वाजून ताप आला, कमरेत किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, अचानक धूसर दिसू लागलं किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा. बाबांना शुगर आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो. जाताना हा रिपोर्ट सोबत ठेवा आणि दाखवल्या दाखवल्या सांगा.

तोवर पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता, खाटेच्या पाटीला अडकवा. ती रिकामी करायचं भांडं वेगळं ठेवा, आणि आईंना आधी नि नंतर साबणाने हात धुवायला लावा. परवा दाखवायला जाल तेव्हा पहिला प्रश्न औषधाचा विचारू नका. नळी कधी काढता येईल, ते विचारा.