दिवाळीचं वचन देऊन निघू नकोस

जर्मनीत म्युनिकची नोकरी पक्की झाली, बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि 'दरवर्षी दिवाळीला जांबोटीला येईन' असं आईला सांगून बसलायस. हे जमेल का, एवढंच विचारलंयस. बेळगावकडच्या आपल्याच खानापूर तालुक्यातला आहेस म्हणून अरेतुरे करतो. मी इथं अकरा वर्षं आहे, त्यात घरची दिवाळी तीन वेळा मिळाली.

रजेची अडचण नाही. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाला किमान २० दिवस मिळतात, बऱ्याच कंपन्या २८-३० देतात. फक्त पूर्ण रजेचा हक्क नोकरीचे सहा महिने झाल्यावर लागतो, म्हणून पहिल्या वर्षाचं आत्ताच विचारून घे.

अडचण मुलीच्या शाळेची. सहाव्या वर्षी शाळा सुरू झाली की 'चार दिवस गावाला जाऊन येतो' हे इथं चालत नाही. सक्तीची शाळा म्हणजे खरंच सक्ती, दंड होतो. सुट्ट्यांच्या आधी विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना अडवल्याचे प्रकार बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, झालेत. शरद ऋतूतली सुट्टी १ नोव्हेंबरच्या आसपास, जेमतेम आठवडाभर. दिवाळी तिच्यात बसली तर नशीब. २०२६ ला अधिक मास, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे सुट्टी संपताना! बरं, १ तारखेला इथं सणाची सुट्टी आणि बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा आपला काळा दिन. त्या दिवशी शहरातून सामान घेऊन जायचं ठरवू नकोस.

डिसेंबर सोयीचा वाटेल, कारण नाताळात सगळं ऑफिसच रिकामं. पण तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग, गोव्याची तर विचारूच नकोस. वर सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात लॉजवर खोली मिळत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, दोन्हीकडच्या बस थांबल्या आणि मी कोल्हापुरात अडकलो. वडापच्या जीपनं कागल गाठलं. भाऊ मोटारसायकल घेऊन हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत आला. दोन मोठ्या बॅगा, एक मोटारसायकल. एक बॅग कागलच्या एका दुकानदाराकडं ठेवली, ती पाचव्या दिवशी आणली.

माझं ऐकशील तर गणपतीला ये. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला, तो हुकणार, पण २०२७ ला ४ सप्टेंबरला आहे, मजेत बसतो. तारखा दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागं येतात आणि अधिक मास आला की पुढं उडी मारतात. कालनिर्णय आणि शाळेचं कॅलेंडर शेजारी ठेवून चार वर्षांचं एकदाच मांडून टाक. शिवाय आपल्याकडं पुण्या-मुंबईची, गोव्यात कामाला असलेली पोरं गणपतीलाच घरी असतात. दिवाळीला गेलो तर माझ्या बरोबरीचं गल्लीत कुणी नसतं, म्हातारी माणसं आणि मी.

पाऊस मात्र असणार. कणकुंबीचा पाऊस तुला मी सांगायला नको. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरून चोर्ला घाटानं येणं सगळ्यात जवळचं, पण रात्रीचं विमान असेल तर घाट उजेडात चढ. नाहीतर फ्रँकफर्टहून थेट बंगळूर आणि पुढं रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. लेकरू बरोबर असताना मला हेच बरं वाटतं, झोपून येता येतं.

आणि एक राखून ठेव. गावची लक्ष्मीयात्रा. कुठं बारा वर्षांनी, कुठं त्याहून उशिरा भरते, आणि तारीख ठरली की घरं रंगवायला लागतात, सगळ्या माहेरवाशिणी येतात. आमच्या गावची झाली तेव्हा मला 'प्रोजेक्ट' होतं. त्या प्रोजेक्टचं नावही आता आठवत नाही. यात्रेला बिनपगारी रजा काढ, कर्ज काढ, पण ये.

येण्याआधी राहण्याच्या परवान्याची मुदत बघ. ती संपायला आली असेल तर आधी नूतनीकरण, मग तिकीट. जमिनीचा उतारा, वारसाची नोंद, बँकेचं खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करणं ही कामं निघण्याआधीच उरकून घे. मी एक अख्खी सुट्टी तालुक्याच्या कचेरीत काढलीय, कानडी कागदावर वडिलांचं नाव एका अक्षरानं चुकलं म्हणून.

परतताना कुंदा आणू नकोस. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, सापडला तर कचऱ्यात जातो. मसाला, चटण्या, पोहे चालतात. आईला हे निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, पोचल्या दिवशीच सांग, म्हणजे ती कुंदा आधीच मागवेल आणि तिथंच खायला घालेल.