पंचावन्नाव्या वर्षी लग्नात पैठणी जड होते. हलकं पण उठून दिसेल असं काय नेसू?

महेश्वरी नेसा, आणि खरा खर्च ब्लाउजच्या शिलाईवर करा. महेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे ती हलकी राहते, चोपून बसते. जरीचा काठ असला की लग्नातही शोभते. मी ब्लाउज शिवते, त्यावरून सांगते: वय साडीमुळे नाही, जुन्या मापाच्या ब्लाउजमुळे दिसतं. खांदा उतरलेला, काखेत चुण्या! नवीन माप द्या, बाही कोपरापर्यंत घ्या. रंग मोरपंखी किंवा जांभळा. या वयात फिकटच नेसायचं हे कुणी ठरवलं? मात्र घरचंच कार्य असेल आणि पैठणीचा आग्रह असेल, तर मुहूर्तापुरती ती नेसा, जेवणाआधी बदला.