मुलगीच घरातली मोठी

प्रश्न : आई बेफिकीर आणि मुलगी समंजस, अशी एक ब्रिटिश विनोदी मालिका फार पूर्वी पाहिली होती. नाव आठवत नाही. ती सुचली कशी?

उत्तर : ती 'अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस'. बीबीसीवर १९९२च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचं मूळ एका छोट्या प्रहसनात आहे. जेनिफर सॉन्डर्स आणि डॉन फ्रेंच यांच्या कार्यक्रमात सॉन्डर्स आई झाली होती आणि फ्रेंच मुलगी. पुढे सॉन्डर्सनं त्याचीच मालिका लिहिली आणि एडिना ही आई स्वतः साकारली. मुलगी सॅफ्रन मात्र ज्युलिया सवाल्हाकडे गेली.

एडिना लंडनमध्ये प्रसिद्धीचा व्यवसाय करते. फॅशन, शॅम्पेन आणि मैत्रीण पॅट्सी (जोआना लम्ली) यांपुढे तिला काही सुचत नाही. स्वेटर घातलेली सॅफ्रन अभ्यास करते, आईला सावरते आणि रागावतेही.

मला सगळ्यांत आवडते ती सवाल्हाच. आजूबाजूला एवढा धिंगाणा चालू असताना गंभीर चेहऱ्यानं उभं राहायचं, हे काम अवघड. तिच्या रागात दुखावलेपण दिसतं, म्हणून आईचा पोरकटपणा नुसता हसण्यावारी जात नाही. शिवाय त्या घरात एडिनाची आईही असते (जून व्हिटफिल्ड). तिच्यासमोर एडिना पुन्हा रुसकी मुलगी होते. पुन्हा पाहाल तेव्हा या तिघी एकत्र असलेले प्रसंग जरूर पाहा.